साठचा स्पीड आणि तीस मीटर

त्वरणाची व्याख्या आपल्या सगळ्यांना पाठ आहे. वेगात झालेला बदल भागिले त्यासाठी लागलेला वेळ. फर्स्ट इयरच्या व्हायवात मीही ती धाडधाड म्हणून दाखवली होती. सरांनी शांतपणे विचारलं, "तुझ्या गाडीचं किती?" झालं, विकेट पडली!

शेवटी ते मोजलं ते रूममेटमुळे. त्याचं गाव मंद्रूपच्या पलीकडे, भीमेकाठी. गाळप हंगामात एका रात्री गावाकडे जाताना रस्त्यात बंद पडलेल्या उसाच्या ट्रॉलीला तो धडकला. ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून कॉलरबोनवर निभावलं. तेव्हापासून "ब्रेक उशिरा मारलास" हे घरी, मेसमध्ये, सगळीकडे ऐकून तो कंटाळला होता.

एका रविवारी पहाटे जुळे सोलापुरातल्या एका रिकाम्या, सरळ रस्त्यावर आम्ही गेलो. मी चालवणार, तो मागे बसून मोबाइलवर स्पीडोमीटरचं शूटिंग करणार. दर दोन सेकंदांचे आकडे आले ते असे: ०, १६, २९, ३८, ४५, ५०. मी लगेच ५० ला १० ने भागलं. ५! आमच्या खटाऱ्याला गुरुत्वाच्या निम्मं त्वरण? अर्थातच घोळ होता. स्पीडोमीटर ताशी किलोमीटर दाखवतो. मीटर प्रति सेकंद हवे तर ३.६ ने भागायचं. ५० म्हणजे १३.९. दहा सेकंदांत तेवढा वेग वाढला, म्हणून त्वरण १.३९ मीटर प्रति सेकंद वर्ग.

पण ही झाली सरासरी. पहिल्या दोन सेकंदांत तेच २.२ येतं आणि शेवटच्या दोनात जेमतेम ०.७. वरच्या गियरला ओढ कमी, आणि हवेचा विरोध वाढत जाणारा. वेळेचे तुकडे जितके बारीक, तितके आपण त्या क्षणाच्या खऱ्या आकड्याजवळ जातो. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहांची 'तात्कालिकी गती' काढली, ती याच वाटेवरची. असो.

मग ब्रेक. ५० वरून शून्यावर यायला ३ सेकंद लागले. त्वरण उणे ४.६. उणे म्हणजे एवढंच, की ते वेगाच्या उलट दिशेला आहे. सरासरी वेग ६.९५ गुणिले ३, म्हणजे थांबेपर्यंत गाडी २१ मीटर गेली. कोरड्या रस्त्यावर, बरं का!

रात्री पुन्हा गेलो. डिपर लावून गाडी उभी केली आणि तो काळी सॅक घेऊन लांब लांब ठेवत गेला. साधारण तीस मीटरनंतर मला ती दिसेना.

रूमवर येऊन कागद काढला. अपघाताच्या वेळी स्पीड साठ होता, असं तो पहिल्यापासून सांगतो. साठ म्हणजे १६.७ मीटर प्रति सेकंद. दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरला तर त्यातच १६.७ मीटर संपले. उरले १३.३. शेवटच्या वेगाचा वर्ग म्हणजे सुरुवातीच्या वेगाचा वर्ग वजा दोन गुणिले ४.६ गुणिले १३.३. उत्तर १२.५ च्या आसपास, म्हणजे ताशी ४५! ब्रेक पूर्ण दाबूनही ट्रॉलीपाशी एवढा वेग उरतो. उलट ४५ च्याच स्पीडने आला असता तर १२.५ अधिक १७, साडेएकोणतीस मीटरमध्ये गाडी थांबली असती. ट्रॉलीच्या अर्धा मीटर अलीकडे.

तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे मी ब्रेक उशिरा नव्हता मारला बे. पंधरानं जास्त होतो."

कागद त्याने घडी घालून पाकिटात ठेवला. घरी दाखवणार म्हणे. मात्र त्या शनिवारी गावाला गेला तो एसटीने.