किमान आधाराखाली राहिलेली खरेदी

2021 मध्ये बड्या विक्री-संकेतस्थळांवर मराठी अवतरली, तेव्हा लातूर-नांदेडच्या ग्राहकाची दखल अखेर घेतली गेली असे मानले गेले. परंतु पडद्यावरची भाषा बदलली तरी ‘यासोबत हेही घ्या’ असे सुचवणाऱ्या यंत्रणेचे गणित जुनेच राहिले.

त्या गणिताच्या बालपणाविषयी फार सांगण्यासारखे नाही. 1993 मध्ये राकेश अग्रवाल आणि सहकाऱ्यांनी पावत्यांतून सहखरेदीचे नियम शोधण्याची रीत मांडली आणि पुढच्याच वर्षी अग्रवाल व रामकृष्णन श्रीकांत यांच्या ‘एप्रायोरी’ पद्धतीने ती वेगवान केली. बिअर व डायपर एकत्र खपतात ही अमेरिकी कथा मात्र व्याख्यानांतून गरजेपेक्षा अधिक वर्षे फिरली. या रीतीच्या मुळाशी ‘किमान आधार’ ही अट होती, म्हणजे वस्तूंची जोडी एकूण पावत्यांच्या ठरावीक हिश्श्यात आढळली तरच धरायची, एरवी गाळायची.

खरा हिशेब 2013 नंतरच्या दशकाचा आहे. त्या वर्षी जूनमध्ये ॲमेझॉनची भारतातील विक्री सुरू झाली, 2016 पासून मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले, आणि त्याच सुमारास शेजारच्या शब्दांवरून शब्दाचा अर्थ शिकण्याची युक्ती वस्तूंना लावली गेली, जिच्यात प्रत्येक वस्तूला आकड्यांची ओळख मिळते व एकत्र घेतल्या जाणाऱ्या वस्तूंच्या ओळखी जवळ सरकतात. पुढची खरेदी ओळखण्याच्या पद्धती अनेकदा पारखल्या गेल्या त्या 2017 मध्ये इन्स्टाकार्ट या किराणा-सेवेने खुल्या केलेल्या तीस लाखांहून अधिक अमेरिकी किराणा मागण्यांवर; त्यात येळवस असणे शक्यच नव्हते.

येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येचा सण; त्या दिवशी लातूर जिल्ह्यातील व नांदेडच्या काही भागांतील कुटुंबे शेतात जाऊन भज्जी, आंबील, उंडे आणि खिरीचा नैवेद्य दाखवतात, त्यामुळे त्याआधीच्या दिवसांत बेसन, चिंच व गूळ एकत्र खपणार हे लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या किराणा दुकानदाराला सांगावे लागत नाही. देशभराच्या पावत्यांत हेच त्रिकूट नगण्य ठरते. शिवाय तिथी कधी डिसेंबरात तर कधी जानेवारीत येत असल्याने इंग्रजी महिन्यांवर बेतलेल्या हंगामाच्या प्रारूपाला ती सापडत नाही. चूक घराबाबतही होते. दुकानदाराच्या उधारीच्या वहीत एका पानावर एका घराचा महिना दिसे. घरातील एकाच मोबाइलवरून सगळ्यांची सुटीसुटी मागणी जाऊ लागली की यंत्राला ते घर एकच विसंगत माणूस वाटते. वही मागे पडली आणि तिच्यातले ज्ञान कोणी उतरवून घेतले नाही.

‘विदा खोटे बोलत नाही’ असे त्या दशकात ठामपणे सांगणाऱ्यांनी हिश्श्याचा छेद कोणता धरला हे क्वचितच सांगितले. पावत्या देशाऐवजी जिल्ह्याच्या धरल्या, तारखेच्या जोडीला तिथी नोंदवली आणि खात्याकडे व्यक्तीऐवजी कुटुंब म्हणून पाहिले, तर हीच पद्धत येळवस ओळखू शकते. त्यासाठी नवे गणित लागत नाही, लातूरची पावती वेगळी मोजण्याइतके महत्त्व तिला द्यावे लागते.