छडी गेली, पण तिच्या जागी काय आले?

शाळेच्या दारात भेटलेला पालक गुरुजींना आवर्जून सांगतो, ‘आमच्या पोराला सोडू नका, चांगला दम द्या.’ आणि पोराच्या हातावर वळ दिसला, की तोच पालक दुसऱ्या दिवशी तावातावाने शाळेत येतो. दोन्ही वेळा त्याला मुलाची काळजीच असते. कोंडी होते ती शिक्षकाची. वर्ग शांत हवा हे त्याला सगळेच सांगतात; तो कसा करायचा हे मात्र कोणी सांगत नाही.

कोंबडा, अंगठे धरणे, बाकावर उभे राहणे, पट्टीचा मार या अनेक आजोबांच्या शाळेतल्या आठवणी. आज ते हसत हसत त्या सांगतातही. पण मारामुळे आपण शिकलो असे म्हणणारेच बोलतात. माराच्या धास्तीने शाळा सोडलेल्यांचे मत कोण विचारतो? 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने हा वाद संपवला. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या या कायद्याच्या कलम 17 नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करता येत नाही आणि त्याचा मानसिक छळही करता येत नाही. तसे करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. हे योग्यच झाले. पण छडी काढून घेताना शिक्षकाच्या हाती दुसरे काय दिले, हा प्रश्न उरतोच.

नागपूर-भंडारा रस्त्यावरच्या, कन्हान नदीकाठच्या मौद्याचेच उदाहरण घ्या. आजूबाजूला धानाची शेती, जवळच एनटीपीसीचा 2320 मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प. अशा गावात शेतकऱ्याचे, मजुराचे, दुकानदाराचे आणि बदलीवर आलेल्या कर्मचाऱ्याचे मूल एकाच बाकावर बसू शकते. एकाचा अभ्यास घ्यायला घरी कोणी असते, तर दुसऱ्याची आई रोवणीच्या दिवसांत सकाळीच बांधीत गेलेली असते. दोघांची चुळबुळ सारखीच दिसते, कारण मात्र वेगळे असते. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून शेजाऱ्याला विचारणारा ‘बडबड्या’ ठरतो. उपाशीपोटी आलेल्याचे ‘लक्षच नसते’. दोन मिनिटांत गणित सोडवून मोकळा बसलेला ‘खोडकर’ म्हणून नावाजला जातो. खरे तर पहिल्याला चष्मा हवा, दुसऱ्याला चार घास आणि तिसऱ्याला आणखी एक गणित. छडीपाशी मात्र तिघांसाठी एकच औषध होते.

हे आपल्याकडे फार पूर्वी ओळखले गेले होते. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक पहिल्याच दिवशी मुलांकडून शांततेचा खेळ करून घ्यायला जातो आणि पुरता फसतो; मुले वर्ग डोक्यावर घेतात. मग तो गोष्ट सांगू लागतो आणि तोच वर्ग कान टवकारून बसतो. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडला बहरले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली आणि गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात शाळा भरली. मुलांना दोष देण्याऐवजी या दोघींनी शाळाच बदलली.

प्रत्येक गुरुजींना कुरणात शाळा भरवता येणार नाही. पण वर्षाच्या सुरुवातीला मुलांना सोबत घेऊन चार-पाचच नियम ठरवता येतात, आणि ते सर्वांना सारखेच लावता येतात. आवाज चढवण्याऐवजी मुलाजवळ जाऊन उभे राहता येते. चूक झालीच तर चारचौघांत पाणउतारा न करता बाजूला घेऊन बोलता येते. एकाच्या खोडीसाठी साऱ्या वर्गाला वेठीस धरणे टाळता येते. अस्वस्थ मुलाला वह्या वाटण्याचे, फळा पुसण्याचे काम दिले तर त्याच्या हातापायांना वाट मिळते.

अर्थात हे सारे एकट्या शिक्षकावर टाकून चालणार नाही. सहावी ते आठवीसाठी एका शिक्षकामागे 35 विद्यार्थी हे कायद्याचे प्रमाण आहे. वर्ग त्याहून फुगला, तर प्रत्येक मुलाची नड ओळखायला शिक्षकाला वेळ कुठून मिळणार? तो आकडा पाळला जातो की नाही, हे शाळा व्यवस्थापन समितीने विचारलेच पाहिजे.

आणि आपण पालक? ‘दम द्या’ असे सांगण्याऐवजी आपले मूल कशाने चिडते, कशात रमते, रात्री किती झोपते, हे गुरुजींना सांगितले तर त्यांचे निम्मे काम हलके होईल. मुलादेखत शिक्षकाला बोल लावू नये. तक्रार असेल तर शाळेत जाऊन शांतपणे मांडावी. घर आणि शाळा एका सुरात बोलू लागली की मुलालाही आपण कुठे थांबायचे ते कळते. भीतीने गप्प बसलेला वर्ग गुरुजींची पाठ वळताच पुन्हा गोंगाट करतो. कामात गुंतलेल्या वर्गावर पहारा ठेवावा लागत नाही.