इडलीचं पीठ विकून दोन पैसे सुटतात का? शहापूर-मुरबाडच्या बचत गटांसाठी आंबवलेल्या बाजाराचा हिशोब

कल्याण किंवा डोंबिवलीत कुठल्याही डेअरीत जा. दुधाच्या पिशव्यांशेजारी फ्रीजमध्ये इडली-डोशाच्या पिठाच्या पिशव्या ठेवलेल्या दिसतात. काही मोठ्या कंपनीच्या, रंगीत छपाईच्या. काही साध्या पारदर्शक पिशवीत भरून वर रबर लावलेल्या. घरचे दोघं सकाळच्या लोकलने कामाला जातात, त्यामुळे तांदूळ-उडीद भिजवून वाटत बसायला वेळ नाही, म्हणून हे पीठ जातं. दक्षिणेकडची कुटुंबं या शहरांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण आता पीठ नेणाऱ्यांत मराठी-गुजराती घरंही तेवढीच दिसतात.

दुसरीकडे गावातल्या ग्रुपवर मेसेज फिरतात. आंबवलेल्या अन्नघटकांची बाजारपेठ देशात झपाट्याने वाढतेय, मशीन घ्या, घरबसल्या कमवा. बाजार वाढतोय हे खरं आहे. पण त्यातला कुठला भाग आपल्या आवाक्यातला आणि कुठला नाही, हे त्या मेसेजमध्ये नसतं. म्हणून हा हिशोब.

बाजार एक नाही, दोन आहेत

घरातला बिस्किटाचा, सॉसचा किंवा ब्रेडचा पुडा उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचा. तिथे आम्लता नियामक ३३०, घट्टपणा आणणारा ४१५, यीस्ट, एन्झाइम असं काहीतरी लिहिलेलं सापडेल. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल. लिंबात असतं तेच, पण पुड्यातलं लिंबातून येत नाही. साखरेच्या किंवा मळीच्या पाण्यात एक काळी बुरशी वाढवतात, ती हे आम्ल तयार करते. ४१५ म्हणजे झँथन गम, तोही जिवाणूंकडून करून घेतलेला. हे सगळे आंबवून काढलेले घटक. बाजाराच्या बातम्यांत जे मोठे आकडे येतात त्यांत मुख्य वाटा याच मालाचा असतो, आपल्या इडलीचा नाही.

या उद्योगातली एक मोठी कंपनी आपल्या ठाण्यातच आहे. अ‍ॅडव्हान्स्ड एन्झाइम टेक्नॉलॉजीज. मुख्य कार्यालय ठाणे शहरात, नाशिक जिल्ह्यात सिन्नरला कारखाना, २०१६ पासून शेअर बाजारात नोंद. एन्झाइम म्हणजे काय, तर अन्नातला स्टार्च, प्रथिनं वगैरे तोडणारा पदार्थ. कच्च्या पपईच्या चिकात मांस मऊ करणारा जो गुण असतो तो एन्झाइमचाच. पाव मऊ राहावा, फळाचा रस गाळताना स्वच्छ निघावा, यासाठी कारखाने एन्झाइम विकत घेतात. बहुतेक एन्झाइम बंद टाक्यांमध्ये बुरशी किंवा जिवाणू वाढवून काढली जातात.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ ऑगस्ट २०२४ ला बायोई-थ्री नावाचं धोरण मंजूर केलं. त्यातही अशा जैविक पद्धतीने होणाऱ्या उत्पादनावर भर आहे, आणि नव्या प्रकारची प्रथिनं, पौष्टिक अन्न हा त्याचा एक भाग आहे.

पण हे काम निर्जंतुक टाक्या, प्रयोगशाळा आणि कोट्यवधींच्या भांडवलाचं आहे. बचत गटाचं नाही. गावाला त्यातून काय मिळेल तर नोकरी: मायक्रोबायोलॉजी घेऊन बीएस्सी करणाऱ्या पोरापोरींनी या कंपन्यांकडे जरूर बघावं. बाकी, घरच्या शेडमध्ये एन्झाइम बनवा, माल आम्हीच परत विकत घेतो, असं कोणी सांगत आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आपल्या उपयोगाचा आहे तो दुसरा बाजार. ओल्या पिठाचा.

पीठ फुगतं कशाने?

उडदाच्या डाळीवरच जिवाणू असतात. विरजण लावावं लागत नाही, यीस्टही नाही. भिजवून वाटल्यावर ते वाढायला लागतात. त्यातला ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू वायू सोडतो, त्याने पीठ वर येतं. सोबत लॅक्टिक आम्ल तयार होतं, त्याने आंबटपणा येतो. उडदात एक चिकट पदार्थ असतो, तो वायूचे बुडबुडे धरून ठेवतो. म्हणून उडीद कमी केला की इडली दगड होते. तांदूळ उकडा असेल तर आणखी मऊ येते.

ही प्रक्रिया आपल्या सोयीने थांबत नाही, आणि धंद्यातली सगळी अडचण इथेच आहे. मे महिन्यात पाच-सहा तासांत पीठ पातेल्याबाहेर येतं. जानेवारीत मुरबाडकडच्या थंडीत चौदा तासांनीही बसलेलंच असतं. पिशवीत भरल्यावरही ते जिवंत असतं. गार राहिलं तर हळू आंबतं, गरम झालं तर पिशवी फुग्यासारखी टम्म होते. दुकानदार फुगलेली पिशवी घेत नाही.

पण याच अडचणीत आपला फायदाही लपलेला आहे. जे पीठ लांबचा प्रवास सोसत नाही, ते जवळून आलेलं बरं. २००५ मध्ये बंगळुरूत पी. सी. मुस्तफा आणि त्यांच्या नात्यातल्या भावांनी एका छोट्या जागेत असंच पीठ भरायला सुरुवात केली. आज ती आयडी फ्रेश कंपनी मुंबईतही पीठ विकते. अशा कंपन्यांना गार गाड्यांची साखळी उभी करावी लागते. आसनगाव स्टेशनपासून किंवा मुरबाडपासून कल्याण तीसेक किलोमीटर. पहाटे निघालेली पिशवी सात वाजता डेअरीत असू शकते.

आता कागद-पेन घ्या

खालचे भाव नमुन्याचे आहेत. आपल्या बाजारातले भाव टाकून पुन्हा मांडा.

आधी तांदूळ. घरचा तांदूळ फुकट धरायचा नाही, ही पहिली अट. २०२५-२६ च्या हंगामात साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. सरकारी हिशोबाने क्विंटलभर भातातून ६७ किलो तांदूळ पडतो, म्हणजे किलोला ३५ रुपयांच्या वर. भरडाई, वाहतूक धरून ४० रुपये लावू. १२ किलो तांदळाचे ४८० झाले. उडीद डाळ आपल्याकडे विकतच, १३० रुपयांनी ४ किलो, ५२०. मेथी आणि मीठ २०. माल झाला १,०२० रुपयांचा. यातून ३६ किलोच्या आसपास पीठ होतं. किलोच्या ३६ पिशव्या, पिशव्यांचा खर्च ११०. वीज, बर्फ, जाण्यायेण्याचं भाडं मिळून ३७० धरू. एकूण १,५००.

डेअरीवाल्याने ६० रुपयांनी घेतलं आणि सगळं खपलं तर २,१६० रुपये येतात. हातात ६६०. दोघी राबल्या तर प्रत्येकीला ३३०. त्याच वर्षी रोजगार हमीची मजुरी राज्यात ३१२ रुपये होती.

बरं, अजून ग्राइंडरचा हप्ता धरलेलाच नाही. महिन्याला २,५०० रुपये हप्ता आणि २५ दिवस काम असेल तर रोजचे १०० तिकडे जातात. उरले दोघींना २८० प्रमाणे.

आणि हे सगळं खपलं तर. डेअरीवाला बहुतेक वेळा न खपलेला माल परत देतो आणि विकलेल्याचेच पैसे देतो. ८ पिशव्या परत आल्या तर हप्ता न धरताही दोघींत मिळून १८० रुपये राहतात. ११ परत आल्या की बरोबर शून्य. मेसेज पाठवणारे नफा सांगतात, परत येणाऱ्या पिशव्या सांगत नाहीत. या धंद्यात कोण टिकतं आणि कोण बसतं, ते त्या परतीच्या पिशव्यांवर ठरतं.

म्हणून डेअरीच्या भरवशावर सुरुवात करू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. सोसायटीतल्या घरांना थेट ८० रुपयांनी दिलं तर तेच ३६ किलो २,८८० रुपये आणतं आणि खर्च तोच १,५०० राहतो. मुख्य म्हणजे माल सांगितल्याप्रमाणे बनतो. एक ध्यानात ठेवा: पीठ रविवारी सकाळी द्यायचं तर डाळ-तांदूळ शनिवारी सकाळी भिजले पाहिजेत, संध्याकाळी वाटले पाहिजेत. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवरची ऑर्डर शनिवारी सकाळच्या आत आली तरच उपयोग. रात्री दहाला आलेल्या ऑर्डरला नम्रपणे नाही म्हणायचं. डोंबिवलीतली पोळी-भाजी केंद्रं हेही चांगलं गिऱ्हाईक. तिथे रोज ठरलेली मागणी असते आणि तिथल्या बायकांना पिठाची पारख असते, फसवाफसवी चालत नाही.

पाणी आणि वीज

हे दोन प्रश्न आधी सोडवा, मशीन नंतर. १६ किलो डाळ-तांदूळ धुणं, भिजवणं, मग ग्राइंडर आणि भांडी घासणं, यात शंभर-दीडशे लिटर पाणी सहज जातं. ज्या शहापूर तालुक्यातून मुंबईला पाणी जातं, तिथल्याच पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते, हे वाचकांना सांगायला नको. वाटताना घालायचं पाणी उकळून गार केलेलंच हवं. आंबल्यावर बरेच जंतू मरतात, पण त्या भरवशावर विहिरीचं गढूळ पाणी चालणार नाही.

विजेचं तर विचारूच नका. संध्याकाळी वाटायला बसलं आणि लाईट गेली तर अर्धं भिजलेलं सामान रात्रभर पडून राहतं. शिवाय घरगुती फ्रीजबद्दल एक गैरसमज आहे. ३६ किलो कोमट पीठ एकदम आत कोंबलं तर मधल्या पिशव्या कित्येक तास गार होत नाहीत, फ्रीज चालू असूनही आंबत राहतात. पिशव्या चपट्या भरा, एकावर एक न रचता आडव्या पसरून आधी गार करा. प्रवासात थर्माकोलचा डबा आणि बर्फ. पिशवी पूर्ण भरू नका, फुगायला वर जागा ठेवा.

कागदपत्रं

खाण्याचा माल विकायचा तर एफएसएसएआयची नोंदणी लागतेच, घरून विकलं तरी. २०११ च्या नियमांत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्याला परवाना नको, साधी नोंदणी पुरते, आणि तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवलेलं होतं. वरच्या हिशोबातली उलाढाल वर्षाला साडेसहा लाखांच्या आसपास जाते, म्हणजे आत बसते. मर्यादा आणि शुल्क अधूनमधून बदलतात, तेव्हा अर्ज भरताना फॉसकॉस पोर्टलवर ताजे आकडे बघा. अर्ज मोबाइलवरूनही भरता येतो. त्यासाठी कोणी दोन-तीन हजार मागत असेल तर ते त्याचे स्वतःचे आहेत, सरकारचे नाहीत. मिळालेला १४ आकडी नंबर पिशवीवर छापायचा. सोबत घटक, वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, किंमत, पत्ता आणि हिरवा ठिपका. जीएसटीची नोंदणी राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या आत सक्तीची नाही.

भांडवलासाठी २०२० मध्ये केंद्राची सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना आली, पीएमएफएमई नावाने ओळखतात. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान, आणि बचत गटाच्या सदस्याला छोटी अवजारं व खेळतं भांडवल म्हणून ४० हजारांपर्यंत बीजभांडवल. आपल्या राज्यात ती कृषी विभागामार्फत चालते. ही योजना ठरावीक वर्षांसाठी आहे आणि तिला मुदतवाढ मिळत आली आहे. तेव्हा मशीनचं कोटेशन आणण्याआधी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा उमेदच्या तालुका कक्षात जाऊन अर्ज घेतायत का ते विचारा. अनुदान कर्जाशी जोडलेलं आहे. बँकेने कर्ज नाकारलं तर अनुदानही नाही.

फ्रीज नसेल तर?

पाणी-विजेची खात्री नसलेल्या गावांसाठी एक वेगळी वाट आहे, आणि आम्हाला ती जास्त पटते. आंबोळीचं कोरडं पीठ. तांदूळ, उडीद, थोडी मेथी, धुऊन सावलीत खडखडीत वाळवून गिरणीतून जाडसर दळून आणायचं. गिऱ्हाईक रात्री कोमट पाण्यात कालवून ठेवतं आणि सकाळी आंबोळ्या घालतं. आंबायचं काम त्याच्या घरात, त्याच्या पातेल्यात. पिशवी फुगण्याची भीती नाही, बर्फ नाही, आज नाही खपलं तर उद्या खपेल.

कोरड्या पिठाला आंबायला ओल्यापेक्षा वेळ जास्त लागतो, हे पिशवीवर स्पष्ट लिहा. नाहीतर सकाळी फोन येतो की पीठ वर आलंच नाही. थंडीत पातेलं उबेला ठेवा, असंही लिहा. पीठ नीट वाळलेलं नसेल तर जाळी धरते, त्यामुळे पावसाळ्यासाठीचा साठा मेमध्येच दळून घट्ट डब्यात भरावा. डोंबिवली-ठाण्यात कोकणातली घरं हजारोंनी आहेत आणि आंबोळी त्यांना समजावून सांगावी लागत नाही. पहिल्यांदा दहा किलो दळा, अर्धा-अर्धा किलोच्या वीस पिशव्या करा आणि ओळखीच्या वीस घरांत विकत द्या, फुकट नको. पंधरा दिवसांनी त्यातल्या किती घरांनी स्वतःहून दुसरी पिशवी मागितली ते मोजा, आणि मग ग्राइंडरच्या दुकानात जायचं की नाही ते ठरवा.