वळलेली बोटे आणि तळहाताचे तंतुपटल

अनामिका व करंगळी हळूहळू आत वळू लागली की दोष स्नायुरज्जूंचा असावा, असा सर्वसाधारण समज होतो. परंतु पॅरिसच्या ओतेल-दियू रुग्णालयात द्युपुइत्रां या शल्यविशारदाने १८३१ साली एका मद्यव्यापाऱ्याच्या हातावर शस्त्रक्रिया करून दाखविले की, मूळ विकृती त्वचेखालील तंतुपटलात असते. (लंडनच्या हेन्री क्लाइनने हेच शवविच्छेदनात पूर्वी पाहिले होते, विकाराच्या नावाची सनद मात्र पॅरिसच्या द्युपुइत्रांला मिळाली!) या तंतुपटलातील तंतुपेशी, व्रण भरताना जे आकुंचनक्षम रूप तात्पुरते धारण करतात, तेच येथे कायम मुक्काम ठोकते, तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनचे प्रमाण वाढते, आणि प्रथम गाठ, मग दोरीसारखा ताठ पट्टा तयार होऊन बोट ओढले जाते. पंजा मेजावर सपाट टेकेनासा झाला, की शल्यविशारदाचा सल्ला घ्यावा.