‘थोटूक’ कशाला म्हणावे? : शालेय कचरा-सर्वेक्षण आणि नोंदशब्दांचे भाषांतर

रायपूर समुद्रापासून दूर असले, तरी तेथील खारून नदी शिवनाथला, शिवनाथ महानदीला आणि महानदी ओडिशात पारादीपजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. त्यामुळे सागरी कचऱ्याचा विचार रायपूरच्या महादेव घाटापासूनही करता येतो. वाटेत हिराकुडचा जलाशय असल्याने घाटावरची प्रत्येक वस्तू समुद्रापर्यंत पोहोचतेच असे मानता येत नाही. म्हणूनच काठावरील मोजणीला स्वतंत्र महत्त्व आहे.

अशा मोजणीत शाळांचे साहाय्य कसे घेता येते, याचे उदाहरण चिली देशात आढळते. तेथे २००८ मध्ये विद्यार्थी व शिक्षक यांच्या साहाय्याने ४३ किनाऱ्यांची पाहणी झाली आणि प्रति चौरस मीटर सरासरी १.८ वस्तू आढळल्या. पाण्याच्या कडेपासून वरपर्यंत रेषा आखायची, तिच्यावर तीन मीटर बाजूचे चौकोन घ्यायचे, प्रत्येकातील वस्तू प्रकारानुसार मोजायच्या आणि संख्येला क्षेत्रफळाने भागायचे, अशी ही सोपी पद्धत आहे. रिकाम्या चौकोनाची नोंद शून्य म्हणून करावी लागते. ती गाळल्यास सरासरी फुगते. जर्मनीत २०१६ पासून शाळकरी मुलांनी नदीकाठांवरही अशी पाहणी केली आहे.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने खरी अडचण मोजणीत नसून नोंदपत्रकाच्या भाषांतरात आहे. आंतरराष्ट्रीय पत्रकांत सिगारेटच्या थोटकांचा स्वतंत्र रकाना असतो, कारण त्यांतील गाळणी सेल्युलोज अ‍ॅसिटेट या प्लास्टिकची असते. मराठीत मात्र ‘थोटूक’ हा शब्द विडीलाही लागतो, आणि विडी तेंदूच्या पानाची असते. छत्तीसगढ हा तेंदूपत्त्याचा प्रमुख प्रदेश आहे. तेथे ‘थोटके’ एवढाच रकाना ठेवल्यास पान आणि प्लास्टिक एकाच आकड्यात जमा होतील. शब्द अचूक, पण तुलना चुकीची, अशी ही स्थिती होय. ‘निर्माल्य’ या शब्दाचेही तसेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या व्याख्येनुसार टिकाऊ, मानवनिर्मित वा प्रक्रिया केलेले घन पदार्थच सागरी कचरा ठरतात. त्यामुळे फुले वगळली जातात, पण ती ज्या पिशवीतून सोडली जातात ती पिशवी मोजावी लागते. याउलट गुटख्याच्या पुडीला परकीय पत्रकात वेगळे स्थान नसते आणि ती ‘खाद्यवेष्टने’ या सर्वसाधारण रकान्यात हरवते.

अशा वेळी शिक्षकाचे काम केवळ देखरेखीचे राहत नाही. तो भाषांतरकारही ठरतो. रायपूरच्या वर्गात मराठी, हिंदी व छत्तीसगढी बोलणारी मुले एकत्र असतील, तर प्रत्येक रकान्यासमोर प्रत्यक्ष वस्तूचा नमुना लावावा, तिन्ही भाषांतील नावे लिहावीत आणि स्थानिक उपप्रकार मूळ रकान्याखाली ठेवावेत. एकाच चौकोनाची मोजणी दोन गटांनी स्वतंत्रपणे करून आकडे ताडून पाहावेत. जेथे तफावत पडेल, तेथे मुलांच्या हिशेबाआधी रकान्याचा शब्द तपासावा.