जिभेचा मोह आणि वाढते वजन : बारडोलीचा बोध

सुरतेहून भुसावळकडे येणाऱ्या लोहमार्गावर बारडोली हे तालुक्याचे गाव लागते. खानदेशातील लोकांना या गावाचे नाव दोन कारणांनी परिचित आहे. एक म्हणजे १९२८ सालचा शेतसाऱ्याविरुद्धचा सत्याग्रह आणि दुसरे म्हणजे ऊस. नंदुरबार व धुळे जिल्ह्यांतील अनेक मजूर कुटुंबे हंगामात ऊसतोडणीसाठी या परिसरात जातात. तेथील सहकारी साखर कारखाना देशातील मोठ्या कारखान्यांत गणला जातो. सुरत प्रांत खाण्यापिण्याविषयीही प्रसिद्ध आहे. सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण ज्याला लाभले तो भाग्यवान, अशी तिकडे म्हणच आहे. थंडीत ज्वारीचा हुरडा व त्यासोबत शेव, उंधियू, शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तुपाने माखलेली घारी आणि बारडोलीतील अळूवड्या, ज्यांना तिकडे पात्रा म्हणतात, हे सर्व पदार्थ जिभेला मोह पाडणारेच आहेत.

अशा या गोड मुलुखातच संयमाचे दोन मोठे प्रयोग घडले. १९२२ च्या फेब्रुवारीत चौरीचौऱ्याच्या हिंसाचारानंतर महात्मा गांधींनी बारडोलीचा नियोजित कायदेभंग स्थगित केला आणि १२ फेब्रुवारीपासून तेथेच पाच दिवसांचे प्रायश्चित्तादाखल उपोषण केले. पुढे सहा वर्षांनी त्याच तारखेला, १२ फेब्रुवारी १९२८ रोजी, तालुक्यातील शेतकऱ्यांनी वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली वाढीव सारा न भरण्याची प्रतिज्ञा केली. या दोन्ही घटनांचा उद्देश अर्थातच वजन घटविण्याचा नव्हता. तथापि, निश्चय कसा करावा आणि केलेला निश्चय कसा टिकवावा, हे समजून घेण्यास त्या आजही उपयोगी पडतात.

प्रश्नाचे स्वरूप

लठ्ठपणा हा केवळ शहरातील सुखवस्तू मंडळींचा प्रश्न आहे, ही समजूत आता मागे पडली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते ४९ या वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष यांचे वजन उंचीच्या मानाने अधिक आढळले. त्याच पाहणीत सुमारे १९ टक्के स्त्रिया आणि १६ टक्के पुरुष उंचीच्या मानाने कृश होते. म्हणजे एकाच गावात काहींच्या ताटात अधिक तर काहींच्या ताटात अपुरे अन्न आहे. ऊस तोडणारा मजूर आणि त्या उसाच्या साखरेने आजारी पडणारा ग्राहक यांना एकच उपदेश लागू पडत नाही. पुढील विवेचन ज्यांचे वजन खरोखरच अधिक आहे, त्यांच्यासाठी आहे.

वजनाच्या आकड्यावर सर्वस्वी विसंबणेही बरोबर नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. उंचीशी वजनाचे प्रमाण दोघांचे अगदी समान, २२.३ होते, परंतु डॉ. याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के, तर डॉ. युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के निघाली. अंगाने सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटाभोवतीही चरबी साठलेली असू शकते. म्हणून पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटर या मर्यादेबाहेर गेल्यास सावध व्हावे, असे तज्ज्ञ सांगतात.

सावध होण्याचे कारण गंभीर आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचा अंदाज देण्यात आला. सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचेही त्यात नमूद होते. याची दुसरी बाजू आशादायक आहे. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, अशा उंबरठ्यावरील लोकांना वजन ७ टक्क्यांनी घटविण्याचे आणि आठवड्यास १५० मिनिटे व्यायाम करण्याचे उद्दिष्ट देण्यात आले होते. त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले. ७० किलो वजनाच्या माणसाच्या बाबतीत याचा अर्थ जेमतेम ५ किलो घट, इतकाच होतो.

भूक आणि हव्यास

पाच किलो घटविणे ऐकण्यास सोपे, परंतु करण्यास अवघड का जाते? वजन घटविणारा मनुष्य चार दिवस नेटाने वागतो, पाचव्या दिवशी समोर आलेला लाडू खातो आणि स्वतःस दुबळ्या मनाचा ठरवून सारा प्रयत्न सोडून देतो. येथे पहिली चूक निदानाची आहे. खाण्याची ओढ हा मनाचा दोष नसून शरीराचा व्यापार आहे. जठरात तयार होणारे एक संप्रेरक भूक चेतविते, तर चरबीच्या पेशींतून निघणारे दुसरे संप्रेरक ती आवरते. वजन घटू लागले की पहिले वाढते व दुसरे कमी होते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांना २०११ साली असे आढळून आले की, वजन घटविल्यानंतर वर्ष उलटले तरी हा बदल पूर्णपणे मावळलेला नव्हता. शरीर जणू गमावलेली चरबी परत मागत असते. अपुरी झोपही भूक वाढविते.

म्हणून मोहाशी समोरासमोर झुंज घेण्यात शहाणपण नाही. मोह समोर येण्यापूर्वीच निर्णय झालेला असावा, हे या विषयाचे मर्म आहे.

आधी नियम, मग ताट

गांधींच्या चरित्रातील एक प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. कलकत्ता व रंगून येथे यजमानांनी त्यांच्या जेवणासाठी केलेला थाट त्यांना खटकला होता. १९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी व्रत घेतले की, भारतात असताना चोवीस तासांत पाचांहून अधिक पदार्थ घ्यावयाचे नाहीत आणि अंधार पडल्यावर जेवावयाचे नाही. १९३० साली पुण्याच्या येरवडा तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी ‘अस्वाद’ या व्रताचे विवेचन केले. औषध जसे चवीसाठी न घेता गरजेपुरते घेतले जाते, तसे अन्न घ्यावे, हा त्याचा आशय होय.

सामान्य गृहस्थाने इतके कठोर व्रत घ्यावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यातील युक्ती सर्वांना घेता येण्याजोगी आहे. ‘कमी खाईन’ हा निश्चय मोघम असल्याने प्रत्येक घासाला नव्याने वाद घालावा लागतो. ‘चहा दिवसातून दोनदाच’, ‘तळलेले आठवड्यातून एकदाच’, ‘रात्री आठनंतर काही नाही’ असा मोजता येणारा नियम असला म्हणजे वाद उरत नाही. ताटात पदार्थांचे प्रकार जितके अधिक, तितके खाणे वाढते, हेही प्रयोगांत दिसून आले आहे. एका चवीने तृप्त झालेली जीभ दुसरी चव दिसताच पुन्हा जागी होते. लग्नाच्या जेवणात पोट भरल्यावरही जिलबीला जागा सापडते, ती यामुळेच.

घरातील व्यवस्था

दुसरे सूत्र म्हणजे मोहाची वस्तू दृष्टीआड ठेवणे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. थोडा वेळ थांबल्यास अधिक आवडीचा खाऊ मिळेल, असे मुलांना सांगण्यात येई. खाऊ डोळ्यांसमोर असता मुले लवकर हार खात. तो झाकून ठेवला असता कितीतरी अधिक वेळ थांबत. मुलांचा निग्रह तोच, फक्त मांडणी बदलली होती. घरातही हेच करता येते. फरसाण, खारी व बिस्किटांचे डबे हाताशी ठेवण्याऐवजी भाजलेले फुटाणे, काकडी, पेरू असे पदार्थ समोर ठेवावेत. बाजारास उपाशीपोटी जाऊ नये. दिवाळीचा फराळ मोजका करावा व पाहुण्यांचा डबा वेगळा ठेवावा. मुख्य जेवणात डाळ, उसळ, भाजी व कोशिंबीर आधी आणि पुरेशी घेतल्यास मधल्या वेळची ओढ पुष्कळ कमी होते. तरीही इच्छा झालीच, तर पाणी प्यावे, दहा-पंधरा मिनिटे एखाद्या कामात गुंतावे. इच्छा लाटेसारखी असते. चढते तशी ओसरतेही.

लपलेल्या साखरेचा व तेलाचा हिशेबही करून पाहावा. दिवसाला सहा कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे १२ चमचे, अर्थात सुमारे ६० ग्रॅम साखर व २४० उष्मांक होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचविलेली अधिक हितकर मर्यादा दिवसाला सुमारे २५ ग्रॅमची आहे. उसाच्या रसाचा एक मोठा पेला जवळजवळ तेवढी साखर देतो. गूळ वा मध वापरल्याने वजन वाढत नाही, हा समज चुकीचा आहे. वजनाच्या बाबतीत ते साखरेचेच भाऊबंद होत. एक ग्रॅम साखरेतून ४, तर एक ग्रॅम तेलातून ९ उष्मांक मिळतात. घरातील तेल दरमहा १० टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन पंतप्रधानांनी २०२५ च्या फेब्रुवारीत केले. महिन्याला ३ लिटर तेल लागणाऱ्या घरात याचा अर्थ ३०० मिलिलिटर, म्हणजे सुमारे २,५०० उष्मांकांची बचत, असा होतो.

आग्रहाची पंगत

मराठी घरात आग्रह हा आदरातिथ्याचा भाग मानला जातो. ताट रिकामे दिसताच यजमानीणबाई पुढे येतात आणि ‘नको’ हा शब्द संकोच समजला जातो. येथे १९२८ ची बारडोली आठवावी. सरकारने जमिनी व गुरेढोरे जप्त करण्याचा सपाटा लावला असताना शेतकरी टिकले, ते एकेकट्याच्या धैर्यावर नव्हे. प्रतिज्ञा सर्वांनी मिळून घेतली होती. ठिकठिकाणी स्वयंसेवकांच्या छावण्या होत्या, ‘सत्याग्रह पत्रिका’ गावोगाव बातमी पोहोचवीत होती आणि शेजारी शेजाऱ्याचा धीर राखीत होता. ऑगस्टमध्ये तडजोड झाली. पुढे चौकशी होऊन सुमारे २२ टक्क्यांची साऱ्याची वाढ ६ टक्क्यांच्या आसपास आली.

वजन घटविणाऱ्यासही अशी सोबत हवी. आपला नियम घरच्यांना व निकटच्या मंडळींना आधीच सांगून ठेवावा. घरातील एकाने पथ्य पाळावे आणि इतरांनी त्याच्यासमोर भजी खावीत, हे न्याय्य नव्हे. सुनेने साखर कमी केली तर सासूबाईंनी तिला साथ द्यावी. सासऱ्यांना डॉक्टरांनी पथ्य सांगितले असेल तर स्वयंपाक सर्वांचाच हलका व्हावा. यजमानांनी एकदा विचारावे आणि पाहुण्याचे ‘नको’ मानावे. अन्न उरेल म्हणून ते पोटात घालणे ही काटकसर नव्हे. मुळात कमी वाढून घेणे ही खरी काटकसर होय.

उपवास म्हणजे उपाय नव्हे

काही जण वजन घटविण्यासाठी उपवासांची संख्या वाढवितात. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच प्रचारात आणलेली नाही. साबुदाण्याची खिचडी, तळलेले बटाट्याचे पदार्थ व शेंगदाण्याचे लाडू यांनी उपवासाचा दिवस नेहमीच्या दिवसापेक्षा जड होतो. याउलट कडकडीत उपास केल्यास दुसऱ्या दिवशी हव्यास दुणावतो. गांधींचे बारडोलीतील उपोषण हे आत्मशुद्धीसाठी होते. त्याचे अनुकरण वजनासाठी करणे अनुचित व घातकही ठरू शकते. आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास घट पुरेशी आहे. मधुमेहाची औषधे घेणारे, गरोदर व स्तनदा माता, वाढत्या वयाची मुले आणि वृद्ध यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून आहार घटवू नये.

शाळा आणि कार्यालये

ही व्यवस्था घराबाहेरही हवी. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ च्या मे महिन्यात आपल्या शाळांना साखरेविषयी माहिती देणारे फलक लावण्याची सूचना केली. कोणत्या पेयात किती चमचे साखर असते, हे मुलांनीच मोजून लिहावे. गणिताचा आणि आरोग्याचा पाठ एकत्रच होईल. वाढदिवसाला चॉकलेटऐवजी केळी, बोरे वा पेरू वाटण्याची प्रथा शिक्षकांना सहज पाडता येईल. कार्यालयांतील बैठकांत चहासोबत बिस्किटांऐवजी फुटाणे ठेवण्यास कोणाच्या मंजुरीची गरज नसावी. आनंदाच्या बातमीला पेढा असावाच, पण एकच असावा. गावातील ३० वर्षांवरील प्रत्येकाने आशा सेविकेकडून कमरेचा घेर मोजून घ्यावा आणि आरोग्य केंद्रात रक्तदाब व साखर तपासून घ्यावी.

एखादे दिवशी नियम मोडला, तर तो दिवस गेला असे समजून पुढील जेवणापासून पुन्हा नियमावर यावे. एका लाडवाने वजन वाढत नाही. त्या एका लाडवाच्या निराशेपोटी खाल्लेल्या पुढच्या दहा लाडवांनी वाढते. बारडोलीच्या शेतकऱ्यांनी जप्तीवाला दाराशी येण्यापूर्वीच आपला निर्णय घेतला होता. ताट समोर येण्यापूर्वी आपलाही निर्णय झालेला असावा, आणि त्यात घरच्यांची व गावाची साथ असावी. असे झाल्यास जिभेचा मोह आवरणे ही कठोर तपश्चर्या न राहता साधी सवय होऊन जाईल.