वर्गातील आधार आणि तो काढून घेण्याची वेळ
(लखनौच्या संगीत महाविद्यालयाचा अनुभव)

शिक्षकाने विषयाचे सुबोध विवेचन करावे आणि विद्यार्थ्यांनी ते शांतपणे ऐकून टिपून घ्यावे, एवढ्याने महाविद्यालयीन अध्यापनाचे कार्य पुरे होते असा समज फार जुना आहे. या पद्धतीतील मोठा दोष असा की, शांत बसलेल्या वर्गात कोणास काय समजले नाही हे शिक्षकास कळत नाही. ते परीक्षेत कळते. पण तोवर उपाय करण्याची वेळ निघून गेलेली असते. विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांच्या अध्यापनावरील २२५ अभ्यासांचा एकत्र विचार अमेरिकेतील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केला. केवळ व्याख्याने ऐकणाऱ्या वर्गांत शंभरांपैकी सुमारे ३४ विद्यार्थी अनुत्तीर्ण होत होते; ज्या वर्गांत विद्यार्थ्यांना प्रश्न सोडवावयास व आपसांत चर्चा करावयास लावले जाई, तेथे हे प्रमाण सुमारे २२ होते.

गाण्याच्या वर्गात मात्र न समजलेले लपत नाही. स्वर चुकला की तो सर्वांना ऐकू येतो. म्हणून सामुदायिक शिक्षणाचा विचार करणाऱ्याने संगीताच्या वर्गाकडे अवश्य पाहावे, आणि त्यासाठी लखनौइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल.

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे मुंबईचे; व्यवसायाने वकील. देशभर प्रवास करून त्यांनी घराणेदार गायकांकडून बंदिशी मिळविल्या व संगीतशास्त्राची नव्याने मांडणी केली. १९२६ साली राय उमानाथ बली, राजा नवाब अली प्रभृतींच्या साहाय्याने त्यांनी लखनौस संगीत महाविद्यालय स्थापन केले. संयुक्त प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव त्यास देण्यात आले होते; १९६६ साली ते भातखंड्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. १९२८ पासून प्रदीर्घ काळ श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे त्याचे प्राचार्य होते.

त्यांच्यापुढील अडचण आजच्या कोणत्याही प्राध्यापकास ओळखीची वाटेल. गुरूच्या घरी एकेक शिष्य वर्षानुवर्षे राहून जी विद्या शिकत असे, तीच आता भिन्न तयारीच्या, भिन्न घरांतून आलेल्या अनेक विद्यार्थ्यांना ठराविक तासांत एकत्र द्यावयाची होती. काहींच्या कानावर लहानपणापासून राग पडलेले. काहींना षड्जही स्थिर लावता येत नसे. यांतील दुसऱ्या वर्गास आधार दिल्याविना ते टिकणार नव्हते.

तो आधार भातखंड्यांनी तीन प्रकारे दिला. पहिला स्वरलेखनाचा. अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल स्वर, मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र मध्यम. खाली टिंब असल्यास मंद्र सप्तक, वर असल्यास तार. चिन्हे इतकी थोडी की नवशिक्याने ती अल्पावधीत आत्मसात करावीत. दुसरा क्रमिक पुस्तकांचा. सहा भागांच्या या मालिकेत बंदिशी स्वरलिपीसह, सोप्या रागांकडून कठीण रागांकडे जाणाऱ्या क्रमाने दिल्या आहेत. तिसरा, आणि सर्वांत कल्पक, लक्षणगीतांचा. लक्षणगीतात त्या रागाचे थाट, वर्ज्य स्वर, वादी-संवादी हे नियम गीताच्या शब्दांतच गुंफलेले असतात, व गीताची चाल त्याच रागात असते. विद्यार्थी नियम व त्याचे उदाहरण एकाच वेळी कंठगत करतो. रसायनशास्त्राच्या अध्यापकास असे साधन लाभले असते तर त्याने आनंदाने स्वीकारले असते!

या साधनांचा उपयोग का होतो, हे स्मृतीसंबंधी पुढे झालेल्या संशोधनावरून स्पष्ट होते. मनुष्य एका वेळी मोजक्याच नव्या गोष्टी मनात धरू शकतो. नवशिक्या गायकास शब्द, स्वर, ताल आणि रागाचा नियम ही सर्व ओझी एकदम वाहावी लागतात. त्यांतील काही कागदावर उतरली की उरलेल्यांकडे त्याचे लक्ष लागते. अभ्यासाने स्वरांचे समूह मनात एकजीव होतात आणि कागदाची गरज उरत नाही. ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर व त्यांचे सहकारी यांनी याहून महत्त्वाची एक गोष्ट दाखविली : जो आधार नवशिक्यास उपकारक, तोच जाणत्यास अडथळा होतो.

भातखंड्यांच्या पद्धतीवरील मुख्य आक्षेप नेमका येथेच येतो. स्वरलिपीने गवई तयार होत नाहीत, असे अनेक गायक म्हणत. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. दरबारी कानड्याचा गांधार कागदावर केवळ एका रेघेने कोमल दिसतो. त्याचे हळुवार आंदोलन त्या रेघेत उतरत नाही. पुस्तक पाहूनच गाणारा विद्यार्थी त्या आंदोलनापर्यंत कधीच पोहोचणार नाही. परंतु दोष आधार देण्यात नसून तो वेळेवर न काढण्यात आहे.

आधार कसा काढावा? पहिली गोष्ट, पुस्तक मिटून आठवावयास लावावे. रोडिगर व कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्यांनी तो एकदाच अभ्यासून तीन वेळा आठवून लिहिला. आठवड्यानंतर पहिल्यांना सुमारे ४० टक्के, तर दुसऱ्यांना सुमारे ६१ टक्के मजकूर आठवला. दुसरी गोष्ट, सारख्या दिसणाऱ्या बाबी शेजारी ठेवाव्यात. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर आहेत. भूपात गांधार प्रबळ, तर देशकारात धैवत. महिनाभर भूप व मग महिनाभर देशकार शिकविण्यापेक्षा, एकाने काही स्वरावली गावी व इतरांनी राग ओळखून कारण सांगावे, असे केल्यास सारा वर्ग कामास लागतो. २००८ सालच्या एका प्रयोगात अनेक चित्रकारांची चित्रे मिसळून पाहणाऱ्यांना त्यांच्या शैली अधिक चांगल्या ओळखता आल्या. गंमत अशी की, त्यांतील बहुतेकांना एकेका चित्रकाराची चित्रे सलग पाहणेच अधिक लाभदायक वाटले होते. शिकण्यातील सुलभता आणि शिकलेले टिकणे या भिन्न गोष्टी असल्याने, श्रम वाढताच विद्यार्थी कुरकुर करतात. शिक्षकाने त्याचे कारण त्यांना आधीच सांगून ठेवावे.

लखनौस वर्गाबाहेरील शिक्षणही चालत असे. बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगल येथे जन्मलेले कृष्ण गिंडे १९३६ च्या सुमारास, वयाच्या अकराव्या वर्षाच्या आसपास, लखनौस आले व रातंजनकरांच्या घरी राहून शिकले. वर्गाने जे देता येत नाही ते असे सहवासाने दिले गेले. अर्थात प्रत्येक विद्यार्थ्यास घरी ठेवणे कोणत्याही प्राचार्यास शक्य नव्हते. परंतु शंका घेऊन येणाऱ्यासाठी आठवड्यातील एखादा तास मोकळा ठेवणे आजच्या मोठ्या महाविद्यालयांतही शक्य आहे, आणि ज्याच्या घरी विचारण्यासारखे कोणी नाही अशा विद्यार्थ्यास तो तास सर्वाधिक उपयोगी पडतो.

भातखंड्यांचा ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा चार भागांचा मराठी ग्रंथ गुरुशिष्य-संवादाच्या रूपात आहे. त्यात शिष्य सतत प्रश्न विचारतो, आणि त्याच्या प्रश्नांमुळेच विवेचन पुढे सरकते.